'बास्टर्ड!!'ची चित्रं डोळ्यांत भरतात, मग गोष्ट कुठे जाते?

प्रश्न: मी सध्या काझुशी हागिवारा यांची 'बास्टर्ड!!' ही डार्क फॅन्टसी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, वाचतोय. चित्रं इतकी देखणी आहेत की एकेका पानावर रेंगाळायला होतं. पण विसाव्या खंडाच्या आसपास कोण कोणाशी कशासाठी लढतंय हेच कळेनासं झालं. माझं काही निसटतंय, की गोष्टच कमजोर आहे? मी स्वतः एक फॅन्टसी कॉमिक काढायला घेतलंय, म्हणून विचारतोय.

उत्तर:

तुमचं काही निसटत नाहीये. त्या टप्प्यावर गोष्ट खरोखरच विस्कटली आहे, पुन्हा पहिल्यापासून वाचलंत तरी धागे जुळायचे नाहीत. पण 'चित्रं भारी, गोष्ट कमजोर' असे दोन कप्पे करून मोकळे होऊ नका. मी पोटापाण्यासाठी स्टोरीबोर्ड काढतो आणि कॉमिकच्या कार्यशाळा घेतो. दोन्हीकडे रोज हेच दिसतं की वाचकाला गोष्ट कळते ती चौकटींच्या क्रमातून, त्यांच्या लहानमोठ्या आकारातून आणि कुठली चौकट मोकळी सोडली यातून. हे सगळं चित्रकाराच्याच हातात असतं. त्यामुळे चित्रं उत्तम आणि कथन कच्चं असं जेव्हा वाटतं, तेव्हा बऱ्याचदा चित्रांनीच कथनाची जागा बळकावलेली असते. 'बास्टर्ड!!'मध्ये तर हे 27 खंडांत डोळ्यांदेखत घडतं. सुरुवातीला चित्रं बरी आणि गोष्ट चपळ. शेवटी चित्रं थक्क करणारी आणि गोष्ट जागच्या जागी.

मालिका 1988 साली 'वीकली शोनेन जंप' या जपानी मांगा साप्ताहिकात सुरू झाली. त्या वर्षीचं जंप म्हणजे 'ड्रॅगन बॉल', 'सेंट सेया', 'जोजो' हे सगळे एकाच अंकात. दर आठवड्याला साधारण 19 पानं द्यायची, वाचकांनी पाठवलेल्या पोस्टकार्डांवरून क्रमवारी लागायची, आणि खाली घसरलात की काही आठवड्यांत मालिका गुंडाळायची. हागिवारा तेव्हा पंचविशीत होते. त्यांच्याकडे दोन भांडवलं होती: एक हेवी मेटलचं वेड, दुसरं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या छापाच्या पाश्चात्त्य फॅन्टसीची ओढ. 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम 1986 मध्ये आला होता, त्यामुळे तलवार, जादू, राक्षस हे सगळं जपानी पोरांच्या तोंडी होतंच. हागिवारांनी त्यावर मेटलची फोडणी दिली. राज्याचं नाव मेटा-लिकाना, दुसऱ्याचं ज्यूडास, विध्वंसदेवतेचं अँथ्रासॅक्स. मंत्रांची नावं मेगाडेथ, हॅलोवीन, व्हेनम. ही सगळी मेटल बँडांच्या नावांवरून घेतलेली. मेटल ऐकणाऱ्या माणसाला पहिल्या खंडात पानापानावर हसू फुटतं.

जाता जाता एक गंमत. सुरुवातीच्या भागांत त्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधला बिहोल्डर, म्हणजे तो डोळ्यांनी भरलेला तरंगता गोळा, सरळ उचलून वापरला होता. त्यावर हरकत आली. मग पुस्तकरूपात त्याला हातपाय फुटले आणि नाव पडलं सुझुकी दोगेझाएमोन. 'दोगेझा' म्हणजे जमिनीला डोकं टेकून मागितलेली माफी. असा टवाळपणा त्या पहिल्या खंडांत ठासून भरलेला आहे आणि गोष्टीला तो पोषकच ठरतो.

आता त्या खंडांचं यंत्र कसं चालतं ते बघा. डार्क श्नायडर हा महाभयंकर जादूगार, शेकडो वर्षं जगलेला, जग जिंकायला निघालेला. त्याला ल्यूसियन नावाच्या एका भाबड्या पोराच्या देहात कोंडून ठेवलंय. राजधानीवर हल्ला होतो, दुसरा उपायच उरत नाही, तेव्हा महापुरोहिताची मुलगी योको त्या पोराचं चुंबन घेते आणि सील तुटतं. म्हणजे राज्य वाचवायला जो बाहेर येतो तोच राज्याचा जुना वैरी. त्याला आवर घालू शकते ती फक्त एक पंधरा वर्षांची मुलगी, आणि तिच्यासमोर तो मांजर होतो, कारण ल्यूसियनचं तिच्यावरचं प्रेम त्याच्याही आत शिल्लक आहे. एवढ्या मांडणीतून प्रत्येक प्रसंग आपोआप जन्माला येतो. तो बाहेर आला तर धोका, नाही आला तर मरण. योकोचा प्रत्येक निर्णय महागात पडणारा. विनोद, भीती आणि प्रेम एकाच खुंटीवर टांगलेलं.

त्याच भागातला आर्शेस नेईचा प्रसंग आठवा. ती त्याची जुनी साथीदार, त्याने लहानाची मोठी केलेली, आता शत्रुपक्षाची सेनानी. तिच्यावर घातलेला शाप उतरवायला तो स्वतःच्या हाताने स्वतःचं काळीज उपटून काढतो. त्या दोघांचं नातं आजच्या वाचकाला खटकेल, खटकायलाच हवं. बायकांचे कपडे फाटण्याचे विनोदही आता शिळे वाटतात. पण प्रसंग म्हणून तो चोख आहे. इतकी पानं 'मीच सर्वश्रेष्ठ' म्हणून गुरगुरणारा माणूस काहीतरी खरोखर गमावतो आणि त्यानंतर दोघांपैकी कोणीच पूर्वीसारखं राहत नाही. चित्राच्या दृष्टीने ही पानं पुढच्या खंडांच्या पासंगालाही पुरत नाहीत. शरीररचना कुठेकुठे चुकलेली, पार्श्वभूमी घाईत उरकलेली. वाचताना ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग बदललं काय? 1989 मध्येच मालिका साप्ताहिकातून बाहेर पडली आणि जंपच्या विशेषांकांमध्ये महिनोन् महिन्यांच्या अंतराने येऊ लागली. पुढे काही काळ साप्ताहिकात परतली, मग 'अल्ट्रा जंप' या मासिकात गेली. प्रकरणं कमी आणि विरळ होत गेली, आणि त्याच प्रमाणात रेषा बारीक आणि घन होत गेली. 2012 मध्ये 27वा खंड आला, त्यानंतर आजतागायत काही नाही. गोष्ट अपुरीच आहे. मधल्या काळात हागिवारांनी जुन्या भागांची नवी 'संपूर्ण आवृत्ती' काढायला घेतली आणि त्यात जुनी चित्रं सुधारून टाकली. पुढची गोष्ट खोळंबलेली असताना मागची पानं पॉलिश करत बसणं हा चित्रकाराचा स्वभाव मी पुरेपूर ओळखतो. कार्यशाळेत दर खेपेला निदान एक जण असा असतोच, ज्याचं पहिलं पान सात वेळा पूर्ण झालेलं असतं आणि दुसरं कोरं.

साप्ताहिकाच्या जाचाचं मला कौतुक नाही. त्याने जपानी चित्रकारांच्या तब्येती मातीमोल केल्या आहेत. पण त्या जाचात एक बळजबरी असते: 19 पानांत काहीतरी घडलंच पाहिजे. कोणीतरी निर्णय घेतला पाहिजे, काहीतरी उलटलं पाहिजे, नाहीतर पोस्टकार्ड येत नाही. ती बळजबरी सुटली आणि तिच्या जागी कथेची दुसरी शिस्त आली नाही, की हात जिथे रमतो तिकडे वळतो. हागिवारांचा हात चिलखतं, पंख, केस आणि मंत्रांचे स्फोट यांत रमत होता.

निम्मी वाट ओलांडल्यावर आकाशातून देवदूत उतरतात, माणसांचा संहार सुरू होतो, नरकातले सैतान येतात, आणि नायक प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा कैक पटींनी बलवान होऊन परततो. कल्पना म्हणून हे लहान नाही. देवदूत हे संहारक आणि सैतानी वृत्तीचा नायक हा माणसांचा वकील, हे उलटंपालटं चित्र कोणालाही भुरळ घालेल. पण सुरुवातीचं यंत्र मात्र बंद पडलेलं असतं. आता सील नाही, म्हणून योकोला निर्णय घ्यायचा नाही. योको बाजूला पडली, म्हणून नायकाला आवर घालणारं कोणी नाही. मग तो हरला किंवा जिंकला तरी आपल्याला काय त्याचं? एका महाशक्तीवर दुसरी महाशक्ती, तिच्यावर तिसरी. प्रत्येकीचं सामर्थ्य समजावून सांगायला मजकुराने भरलेले संवादाचे फुगे. हे फुगे नीट बघा. जिथे लेखकाला प्रसंगातून ताण उभा करता येत नाही, तिथे तो पात्रांच्या तोंडून आकडे आणि संज्ञा वदवून घेतो. तुम्ही ज्या विसाव्या खंडात अडकलात, तिथे हेच चाललंय.

चौकटींच्या पातळीवर काय होतं ते आता जवळून बघू. उत्तरार्धातलं लढाईचं कुठलंही जोडपान, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र, उघडा. देवदूताचे पंख पानाच्या दोन्ही कडा ओलांडून जातात, पिसान् पीस वेगळं काढलेलं. चिलखताच्या प्रत्येक पट्टीवर नक्षी. मागे स्फोट, स्फोटात उडणारे दगड, प्रत्येक दगडावर सावली. नजर तिथे थांबते, आणि तुम्ही म्हणता तसे आपण रेंगाळतो. पण लढाई म्हणजे वेग. वाराची चौकट तुम्ही अर्ध्या सेकंदात ओलांडली तर तो वार. बराच वेळ बघत बसलात तर तो पुतळा. असे पाच पुतळे ओळीने आले की डोळ्यांना तृप्ती मिळते आणि कोण कुठून आलं, कोणाचा वार कोणाला लागला, याचा पत्ता लागत नाही. त्यात सगळ्यांचे केस कमरेपर्यंत, सगळ्यांना पंख, सगळ्यांची चिलखतं टोकदार. पान हातभर लांब धरून डोळे बारीक करा, नायक शोधायला वेळ लागेल. 'काहीच कळेना' या तुमच्या तक्रारीचं निम्मं कारण इथेच आहे. त्याचा कथानकाशी संबंधही नाही.

म्हणजे बारीक काम वाईट का? तसं असतं तर केंतारो मिउरांची 'बर्सर्क' ही मांगा वाचली गेली नसती. 1989 पासून 2021 मध्ये त्यांच्या निधनापर्यंत त्यांनी जे शेडिंग केलं ते बघून इंकिंग करणाऱ्या, म्हणजे शाईने पक्क्या रेषा ओढणाऱ्या माणसाचं मनगट दुखायला लागतं. पण मिउरा कुठे थांबायचं ते जाणत होते. आठव्या खंडात नायक गट्स भाडोत्री सैनिकांची टोळी सोडून निघतो तो प्रसंग काढा. बर्फाने झाकलेली टेकडी, जुने सोबती बघत उभे, समोर टोळीचा म्होरक्या ग्रिफिथ. याच ग्रिफिथकडून काही वर्षांपूर्वी द्वंद्वात हरला म्हणून गट्स टोळीत आला होता, आता जायचं तर पुन्हा द्वंद्वच. दोघे स्तब्ध उभे राहतात, आणि मग एकच घाव. ग्रिफिथची तलवार तुटते, गट्सचं पातं त्याच्या खांद्यावर येऊन थांबतं. ग्रिफिथ बर्फात गुडघ्यांवर बसतो, गट्स निघून जातो. नक्षीकामाचा बादशहा असलेला माणूस इथे पानभर पांढरं सोडतो. लढाईचं चित्र जेमतेम, तिच्या आधीची वाट बघणंच जास्त. आणि या एका घावातून पुढची सगळी शोकांतिका निघते: ग्रिफिथचा तोल जाणं, राजकन्येचं प्रकरण, तुरुंगवास, आणि टोळीचा संहार होतो ते ग्रहण. ग्रहणाच्या वेळी मिउरा जेव्हा खरोखर पानं भरून टाकतात तेव्हा ती अंगावर येतात, कारण आधी त्यांनी हात राखलेला असतो.

'बर्सर्क'ही निर्दोष नाही. जहाजाचा प्रवास वाचकांनी वर्षानुवर्षं सोसला, आणि तिथेही चित्रं अधिकाधिक श्रीमंत आणि घटना विरळ हाच आजार होता. फरक इतकाच की गट्सला काय हवंय आणि कशाची भीती वाटते हे आपण तेव्हाही सांगू शकत होतो.

आणखी एक गल्लत टाळा. कथा छोटी असणं वेगळं आणि कथन कच्चं असणं वेगळं. त्सुतोमु निहेईंची 'ब्लेम!' (1997 ते 2003, 10 खंड) घ्या. किल्ली नावाचा माणूस एका अनंत वाढत गेलेल्या इमारतीत एक विशिष्ट जनुक शोधत चालत राहतो. झालं, कथा संपली. संवाद तर पानंच्या पानं नसतातच. तरी कथन पक्कं आहे, कारण निहेईंनी वास्तुकलेच्या क्षेत्रात काम केलेलं होतं आणि तिथल्या प्रत्येक जिन्याचं, पुलाचं, पोकळीचं माप गोष्टीचंच काम करतं. एवढासा माणूस, एवढी मोठी भिंत: तो पोचेल का हा प्रश्न चित्रच विचारतं. उत्तरार्धातल्या 'बास्टर्ड!!'मध्ये याच्या उलट आहे. कथा भरमसाट, पुरातन संस्कृती, स्वर्ग, नरक, भूतकाळातल्या लढाया, सगळं काही. आणि चित्र त्यातला एकही प्रश्न स्वतःहून विचारत नाही.

उलट बाजूही बघून घ्या. योशिहिरो तोगाशींच्या 'हंटर × हंटर'ची काही प्रकरणं मासिकात अक्षरशः कच्च्या पेन्सिलीत छापली गेली. वाचकांनी नाकं मुरडली आणि तरी एक ओळ सोडली नाही. 'वन-पंच मॅन' 2009 मध्ये वन या टोपणनावाच्या लेखकाने वेबवर टाकली तेव्हा ती शाळकरी वहीत काढल्यासारखी दिसायची. तरी ती तुफान वाचली गेली, म्हणून तर 2012 पासून युसुके मुराता यांच्यासारख्या तयारीच्या चित्रकाराने ती नव्याने काढायला घेतली. गोष्ट चालत असेल तर वाचक वेडीवाकडी रेषा पोटात घालतो. देखण्या रेषेपायी थांबलेली गोष्ट तो थोडे दिवस सोसतो, मग फक्त चित्रं चाळतो.

आता तुमच्या कॉमिककडे. जपानी चित्रकार आधी 'नेम' काढतात, म्हणजे प्रकरणाचा कच्चा आराखडा: काडीची माणसं, चौकटी, फुगे, बस. संपादक तो वाचून मंजूर करतो तेव्हा खरं पान सुरू होतं. तुम्हाला संपादक नाही, म्हणून फॅन्टसीशी देणंघेणं नसलेला एखादा माणूस गाठा, बहीण असो नाहीतर रूममेट, आणि काडीच्या माणसांतलं पूर्ण प्रकरण त्याच्या हातात द्या. तोंडाने काही समजावू नका. वाचून झाल्यावर 'कोणाला काय हवं होतं आणि ते मिळालं का' एवढंच विचारा. सांगता आलं नाही तर इंकिंगला हात लावायचा नाही. चिलखताची नक्षी घातल्याने ते पुढे कळायला लागेल अशी आशा प्रत्येकाला असते, तुम्हालाही वाटेल; तिला भीक घालू नका.

पोशाख ठरवताना तो तीनशे वेळा काढायचाय हे धरून चाला. गट्स बघा: काळा आकार, माणसाएवढी तलवार, झालं. बोटाच्या पेराएवढ्या चौकटीतही ओळखू येतो. तुमच्या नायकाच्या खांद्यावर तीन ड्रॅगन आणि कमरेला सात साखळ्या असतील तर दहाव्या पानापर्यंत तुम्हीच त्याला दुरून दाखवायला लागाल, आणि त्याचा चेहरा लागणारे प्रसंग नकळत टाळाल. हे मी पोरांच्या वह्यांत इतक्यांदा पाहिलंय की आता साखळ्या दिसल्या की आधी त्याच मोजतो.

जोडपानं मोजून खर्च करा. एका प्रकरणात एक, फार तर दोन, आणि तीही जिथे काहीतरी उलटतं तिथेच. नुसतं कोणीतरी दिसायला भव्य आहे म्हणून जोडपान द्यायचं नाही. मराठीत आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा उत्सुकता ताणणारी चौकट उजव्या पानाच्या तळाशी यायला हवी आणि उत्तर पान उलटल्यावर. जपानी पानांची नक्कल करताना नवशिके ही दिशाच विसरतात आणि धक्का आधीच दिसून जातो. मोबाइलवर उभ्या पट्टीत देणार असाल तर पान उलटणं नाहीच; तिथे तेच काम दोन चौकटींमधल्या लांब मोकळ्या जागेकडून करून घ्या.

राहता राहिले तुमचे उरलेले खंड. ते टाकू नका, पण गोष्ट म्हणून वाचू नका. जाडीभरडी आणि बारीक रेषा कुठे बदलते, धातू काळ्या-पांढऱ्यात कसा चमकवलाय, स्क्रीनटोन (राखाडी छटेसाठी चिकटवायचा ठिपक्यांचा पापुद्रा) खरवडून उजेड कसा काढलाय, हे बघायला त्यांच्यासारखी शाळा नाही. गोष्ट शिकायची असेल तर अँथ्रासॅक्स जागी होईपर्यंतचे सुरुवातीचे खंड परत काढा. एखादं प्रकरण घ्या आणि त्याचा उलटा नेम करा: ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त चौकटी, फुगे आणि काडीची माणसं उतरवा. मग तेच उत्तरार्धातल्या एका प्रकरणावर करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. पहिल्या कागदावर गोष्ट तशीच वाचता येते. दुसऱ्यावर चारसहा मोठ्या चौकटी उरतात, आत हात वर केलेली काडीची माणसं, आणि सगळीकडे फुगे.